घंटा वाजेपर्यंतचं काम

वाई

चि. मुक्तास,



तुझं पत्र पोचलं. ते आधी तुझ्या आजीने वाचलं, मग शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं आणि त्यानंतर माझ्या हाती आलं. (तो तिचा हक्कच आहे, त्याबद्दल आपण काही बोलायचं नाही.) पहाटे पाचला उठतेस, डबा स्वतः करतेस, पहिल्या पगारातून पोस्टात खातं उघडलंस, हे वाचून ती इतकी खूश झाली की पुढचं पंपांचं आणि पाइपांचं तिने वाचलं की नाही, शंकाच आहे. मी मात्र ते दोनदा वाचलं.

तू लिहितेस, ‘आबा, इथे मला काही कामच नाही. सगळं बसवलेलं आहे, मी नुसती बघत फिरते.’ आणि त्याच पत्रात चार ओळींखाली लिहितेस की सहा महिन्यांत सगळी यंत्रणा बदलून टाकायचा तुझा बेत आहे. नागपूरला अग्निशमनाचं शिक्षण घेऊन नुकत्याच एका हॉस्पिटलात लागलेल्या पोरीने असंच लिहायला हवं, त्यात गैर काही नाही. तू काम चोख करशील, खोटं बोलणार नाहीस, घाबरून पळणार नाहीस, याची मला इतकी खात्री आहे की त्यावर शाई खर्च करत नाही. काळजी एकाच गोष्टीची वाटते, तुझ्या घाईची. ती लहानपणापासूनची आहे. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत तू भांडं उतरवायचीस आणि दूध कच्चंच राहायचं.

तर तुझ्या या ‘बघत फिरण्या’बद्दल थोडं लिहितो. हॉस्पिटलांच्या पंपघरात आणि पॅनलसमोर माझी सगळी नोकरी झाली, तेव्हा एवढा अधिकार मला दे.

सकाळी लवकर उठतेस तर तो वेळ पंपघरात घालव. ओपीडीची गर्दी सुरू व्हायच्या आत, जनरेटर बंद असताना, तिथे पाच मिनिटं नुसती उभी राहा आणि ऐक. जॉकी पंप किती वेळाने सुरू होतो ते बघ. घरात म्हातारी आजी असते ना, रात्री पोराने जराशी कुरकुर केली तरी तीच उठते आणि कर्त्या माणसांना झोपू देते, तसा हा पंप. पाइपातला दाब किंचित उतरला की तोच उठतो आणि भरून काढतो, म्हणजे मोठ्या पंपाला ऊठसूट चालू व्हावं लागत नाही. पण तो दर चार-पाच मिनिटांनी उठत असेल, तर समज की कुठेतरी पाणी गळतंय. एखाद्या मजल्याचा लँडिंग व्हॉल्व्ह नीट बसलेला नसेल, एखाद्या होजरीलचं तोंड ठिबकत असेल, किंवा जमिनीखालचा पाइप गंजला असेल. गळती शोधायला वेळ लागतो. मजल्यामजल्याचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करायचे, गेजवर डोळा ठेवायचा, वाट बघायची. तिथे घाई करून चालत नाही. आणि गळती सापडेपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवलेला मजला कोणता, ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचं, नाहीतर दुरुस्ती होते आणि व्हॉल्व्ह तसाच बंद राहतो.

मग पंपांच्या पॅनलवरचा स्विच बघ. मेन पंपाचा आणि डिझेल पंपाचा, दोन्ही ‘ऑटो’वर हवेत. कुणीतरी दुरुस्तीसाठी ‘मॅन्युअल’वर टाकतो, फोन येतो, तो जातो, आणि स्विच महिनोन्‌महिने तसाच राहतो. लाखो रुपयांचा पंप, भरलेली टाकी, सहाही मजल्यांवर लाल रंगाने चकचकीत पाइप, आणि आग लागली तर पंप आपणहून सुरूच होणार नाही. बोटभर स्विच, पण तो रोज बघावा लागतो. एकदा सुरू झालेला पंप आपणहून थांबू नये, तो माणसानेच बंद करावा, ही व्यवस्था का असते ते तू शिकली आहेसच, पण तुझ्या रात्रपाळीच्या ऑपरेटरला ते कुणी सांगितलंय का, विचार.

डिझेल पंपाची बॅटरी वेगळी असते आणि ती हमखास दुर्लक्षित असते. लाइट गेली किंवा मेन पंप चालला नाही की त्या पंपाची पाळी येते, म्हणून आठवड्यातून एकदा तो चालवून बघायचाच. एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही, माणसं अजून आहेत) या पंपाची टाकी दर वेळी अर्धी रिकामी सापडायची. ॲम्ब्युलन्सला डिझेल कमी पडलं की इथून काढायचे, ‘उद्या भरू’ म्हणायचे. काटकसर ही चांगली गोष्ट आहे आणि तुझ्या आजीने ती आपल्या सगळ्यांच्या अंगी बाणवली आहे, पण आगीसाठी ठेवलेलं डिझेल आणि आगीसाठी राखलेलं टाकीतलं पाणी यांना हात लावणं ही काटकसर नाही. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की गच्चीवरच्या टाकीकडे सगळ्यांचे डोळे वळतात, तेव्हा तिथे तुझा अधिकार सांगायची वेळ येईल. गोड बोलून सांग, पण सांग.

आता स्प्रिंकलर. तुझ्या पत्रात होतं की एक डॉक्टरसाहेब आयसीयूजवळच्या स्टोअरमध्ये स्प्रिंकलर नको म्हणतात, कारण ‘एक फुटला की सगळे फुटतील आणि सामान भिजेल’. हे सिनेमात दाखवतात. त्यांना एक जुना हेड हातात देऊन दाखव. त्यातली काचेची बारीक कुपी बघितली की मोठी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी निरखून बघतात. आत लाल द्रव असला तर ती अडुसष्ट अंशांना फुटते. पिवळा असला तर एकोणऐंशीला, हिरवा त्र्याण्णवला. जिच्याभोवती एवढी ऊब पोचली तीच कुपी फुटते आणि तेवढ्याच ठिकाणी पाणी पडतं, शेजारची जागेवर शाबूत राहते. शिवाय बंबाच्या पाइपाने जेवढं पाणी मारावं लागतं त्याच्या मानाने हे पाणी थोडं असतं. काटकसरी माणसाला पटणारी यंत्रणा आहे ही. फक्त दोन गोष्टी तिला मारतात. एक म्हणजे रंगारी. छत रंगवताना तो हेडवरही ब्रश फिरवतो आणि कुपीवर रंगाचा थर बसला की तिला ऊब उशिरा कळते. असा हेड खरवडत बसू नकोस, बदल. दुसरी म्हणजे सलाइनचे खोके. स्टोअरकीपर छतापर्यंत थप्पी लावतो, पाणी खोक्यांच्या माथ्यावर पडून तिथेच अडतं आणि खाली आग निवांत जळत राहते. हेडखाली हातभर जागा मोकळी राहील असा भिंतीवर पट्टा मारून घे. स्टोअरकीपर कुरकुरेल. त्याला चहा पाज.

डिटेक्टरबद्दल मात्र जरा सावकाश सांगतो, कारण तुझ्या घाईची खरी परीक्षा तिथे आहे.

छतावरच्या त्या पांढऱ्या डबीत एक छोटीशी अंधारी खोली असते, त्यात प्रकाशाचा झोत सोडलेला असतो आणि तो थेट डोळ्यावर पडणार नाही अशा बेताने डोळा बाजूला बसवलेला असतो. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, थोडा त्या डोळ्यावर पडतो आणि आगीची सूचना देणाऱ्या पॅनलला खबर जाते. पण त्या डबीला धूर आणि धूळ यांतला फरक कळत नाही, वाफही कळत नाही. निर्जंतुकीकरणाच्या खोलीतली वाफ, गुरुवारची उदबत्ती, डासांची धुरळणी, सुताराने केलेला भुसा, या सगळ्यांना ती आग समजते. मग हूटर बोंबलतो, रुग्ण दचकतात, नातेवाईक भांडायला येतात आणि रात्रपाळीचा माणूस झटकन आवाज बंद करून परत खुर्चीत बसतो. आठवड्यात असं चारदा झालं की तो त्या भागाची जोडणीच काढून टाकतो. त्याचं चुकतं, पण त्याच्यावर रागावू नकोस. खोटा हूटर वाजण्याचं कारण काढणं हे तुझं काम होतं, आणि ते न निघाल्यामुळे त्याने आपल्यापुरता मार्ग काढला. वाफेच्या खोलीत धुराचा डिटेक्टर असेल तर तिथे उष्णतेचा बसवून घे. रंगकामाच्या वेळी डबीवर घातलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या रंगारी गेल्यावर मोजून काढून घे, कारण टोपी घातलेला डिटेक्टर पॅनलवर अगदी शहाण्यासारखा ठीकठाक दिसतो. आणि एक नियम करून टाक: आवाज बंद करायच्या आधी कुणीतरी पायांनी तिथे जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. दर वेळी, शंभराव्या खोट्या हूटरलाही.

भंडाऱ्याच्या आगीची आठवण तुला असेल, तू तेव्हा शाळेत होतीस. ९ जानेवारी २०२१ची रात्र, जिल्हा सामान्य रुग्णालयातला नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग. सतरा बाळं होती, दहा गेली. सगळी भाजून गेली नाहीत, बरीचशी धुराने गुदमरली. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपला एका मॉलमध्ये आग लागली आणि त्याच इमारतीतल्या रुग्णालयात धूर चढला, एप्रिलमध्ये विरारला आयसीयू जळालं, नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या सिव्हिल हॉस्पिटलात. एकाच वर्षात, एकाच राज्यात. तुझ्या आजीने त्या वर्षी टीव्ही बंद करून ठेवला होता. मी मात्र प्रत्येक बातमीत एकच शोधत होतो, धूर पहिल्यांदा कुणी पाहिला आणि किती वाजता.

कारण हॉस्पिटलात आगीपेक्षा धूर पुढे पळतो आणि रुग्ण पळू शकत नाही. कोलकात्याला ९ डिसेंबर २०११ला पहाटे ढाकुरियाच्या आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. ज्वाळा खालीच होत्या, धूर वर गेला, आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक आपल्या खाटांवरच. केरळच्या दोन तरुण सिस्टरनी आठ-नऊ रुग्ण बाहेर काढले, आणि पुन्हा आत गेल्या त्या परत आल्या नाहीत. तुझ्याच वयाच्या होत्या गं. त्या आठवल्या की पंपघर, पॅनल, डिटेक्टर हे सगळं कुणासाठी असतं ते मला वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून हूटर वाजणं ही सुरुवात आहे, त्यापुढे काय काय आपोआप व्हायला हवं ते एकदा प्रत्यक्ष करून बघ. त्या भागातली वातानुकूलनाची हवा थांबायला हवी, नाहीतर तोच पंखा धूर वॉर्डावॉर्डात वाटत बसतो. डक्टमधले डॅम्पर मिटायला हवेत. लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडी उभी राहायला हवी. आयसीयूचा दरवाजा कार्डाने उघडतो ना, त्याचं चुंबक सुटायला हवं. जिन्यात हवा भरणारा पंखा सुरू व्हायला हवा. कागदावर यातलं सगळं ‘आहे’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात डॅम्परच्या तारा जोडायच्या राहिलेल्या असतात आणि वर फॉल्स सीलिंग लागलेलं असतं. एका रविवारी, त्या विभागाच्या डॉक्टरांना आणि सिस्टरना आधी सांगून, एक डिटेक्टर चाचणीच्या धुराने जागा कर आणि वही घेऊन उभी राहा. एका रविवारी एकच विभाग. सगळं हॉस्पिटल एका दिवसात तपासायला जाऊ नकोस.

ऑक्सिजनचंही बघ. तो स्वतः जळत नाही, पण तो साठलेल्या हवेत चादर, गादी, केस असे पेटतात की बघणाऱ्याला काय झालं ते उमजत नाही. प्रत्येक वॉर्डाबाहेर भिंतीत त्याची झडपांची पेटी असते. आगीत ती बंद करावी लागते आणि ती बंद केली की त्या बाजूच्या प्रत्येक रुग्णाचा ऑक्सिजन जातो. हा निर्णय तुझा नाही, डॉक्टरांचा आणि इन्चार्ज सिस्टरचा आहे. तू फक्त एवढं कर की पेटीसमोर स्ट्रेचर उभं नाही, कुठली झडप कुठल्या खाटांची ते वर लिहिलेलं आहे, आणि रुग्णाला तात्पुरते लावायचे छोटे सिलिंडर भरलेले आहेत.

सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय यांच्याशी नातं जोड. बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटं त्यांचीच असतात. त्यांना मोठं व्याख्यान देऊ नकोस, ते डबल ड्यूटी करून आलेले असतात. दर वर्षी काही अग्निशामक सिलिंडर रिफिलिंगला जातात, ते भरलेलेच नेऊन ठेकेदार बाहेर सोडून देतो. ते आधी अंगणात आणवून घे आणि ज्या मावशीने आयुष्यात सिलिंडर उचललेला नाही तिच्या हातात दे. पिन ओढ, नळी आगीच्या बुडाशी धर, दाब, आडवी फिरव. फुकट जाणारी पावडर शिकवणीला लागते, आजीला ही काटकसर फार आवडली. पाठ दरवाज्याकडे ठेवून उभं राहायचं, हे मात्र प्रत्येकीला दोनदा सांग. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर त्याचा कर्णा हाताने धरायचा नाही, बर्फासारखा थंड होतो. त्याला काटा नसतो, भरलेला आहे की नाही ते वजन करूनच कळतं, तेव्हा तुझ्या फेरीत एक वजनकाटा बरोबर असू दे. आणि व्हेंटिलेटरच्या शेजारी पावडरचा सिलिंडर लावून ठेवला असेल तर तो बदलण्यासाठी साहेबांच्या मागे लाग.

रुग्ण हलवायचे तर आधी जिन्याकडे धावू नये, त्याच मजल्यावर आगीच्या दरवाज्यापलीकडच्या भागात न्यावं, चादरीवरून ओढत नेलं तरी चालेल. हे तुझ्या पुस्तकात आहे. पुस्तकात जे नाही ते हे, की तो आगीचा दरवाजा बहुधा अग्निशामक सिलिंडर टेकवूनच उघडा ठेवलेला असतो.

शेवटी सहीचं. आपल्या राज्याचा २००६चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे, त्याखाली दर जानेवारीत आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचा ‘बी’ फॉर्म जातो, की यंत्रणा चालू स्थितीत आहे. एजन्सीचा पोरगा येईल, सिलिंडरवर नवे स्टिकर चिकटवेल, ‘मॅडम, सही’ म्हणेल, मागे मोटारसायकल चालूच असेल. त्याला बसव. पाणी दे. मग त्याच्याबरोबर सगळे मजले चढ आणि सगळ्यात वरच्या, पंपापासून सगळ्यात लांबच्या हायड्रंटचं पाणी सोडून दाब बघ. त्याला उशीर होईल, तुला होऊ दे. जे चालत नाही ते ‘चालत नाही’ असंच लिहून घे, आणि तेच तारखेसकट प्रशासनाला वेगळ्या कागदावर दे. डिझेल पंपाच्या बॅटरीला पैसे पहिल्या अर्जाला मिळणार नाहीत, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या अर्जाला आधीच्या दोन्हींच्या पोचपावत्या जोड. मी असे पुष्कळ अर्ज पाहिलेत, तिसऱ्याला साहेब लोक वाचायला लागतात. सहा महिन्यांत सगळं बदलायचा बेत वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, या वर्षी त्यातलं काय झालं ते दिवाळीत आलीस की सांग.

दुपारी जेवत जा. रात्री झोपायच्या आधी पंपघराला फोन करतेस असं लिहिलंयस, ते ठीक आहे, पण ऑपरेटरचं नाव घेऊन बोल, ‘पंपघर’ म्हणून हाक मारू नकोस.

आजीने मेथीचे लाडू पाठवले आहेत, निम्मे वसतिगृहातल्या मैत्रिणींना द्यायचेत असा निरोप आहे.

तुझा,
आबा

ता. क. – होज बॉक्स उघडून पितळी नोझल मोज. भंगारात त्यांना चांगला भाव येतो, त्यामुळे पेट्या बाहेरून बंद आणि आतून रिकाम्या, असं फार ठिकाणी असतं. पेटीची काच शाबूत दिसली तरी मागचा पत्रा बघ. कपलिंगचे रबरी वॉशर सुकले असतील तर माप लिहून कळव, इथे बाजारपेठेत एकाकडे चांगले मिळतात, पुढच्या पार्सलात घालतो.